पश्चिमेची भिंत

रायपुरात नव्या घराचा नकाशा मे महिन्यात तपासून पाहावा. दक्षिणेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्यात त्या बाजूची काळजी मिटते. सूर्य तेव्हा माथ्यावरून जातो, इतका की जूनमध्ये भर दुपारी तो किंचित उत्तरेलाच झुकलेला असतो. छज्ज्याला दाद देत नाही ती पश्चिम. चार वाजले की ऊन तिरपे होऊन छज्ज्याखालून आत शिरते, ते साडेसहापर्यंत हलत नाही. २५ मेपासून नौतपा लागतो. त्या दिवसांत रात्री जेवणे झाल्यावरही पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर ती गरम लागते.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी हा प्रश्न कधी आला नव्हता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य छत्तीसगडात आल्यानंतर, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, मराठी घराणी इकडे स्थिरावत गेली. तात्यापारा ही रायपुरातली त्यांची जुनी वस्ती. तिथल्या भिंती हातभराहून जाड, वर कवेलू, पुढे ओसरी. कचनाच्या बाजूला बांधलेल्या आमच्या नव्या घराची बाहेरची भिंत नऊ इंची, फ्लाय ॲशच्या विटांची. कोरब्यासारख्या ठिकाणच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, त्याची राख इथे मुबलक, म्हणून या करड्या विटा सगळीकडे दिसतात. घर लावायचे म्हणजे पडदे, चित्रे, सोफा असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात सगळी कामे ऊन, ओल आणि वारा यांच्याशी बोलूनच करावी लागली.

पहिली सजावट जमिनीखाली गेली. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा सप्तधान्य आणि पंचरत्नांसह आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरतात. त्यासाठी फरशी बसवणाऱ्याने स्वयंपाकघरातली एकच टाइल शेवटपर्यंत मोकळी सोडली होती. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून मिळालेल्या गुरुजींनी विधी आटोपला, दूध उतू घातले, आणि त्याच संध्याकाळी मिस्त्रीने खड्डा बुजवून ती टाइल बसवली. ‘या जागेवर जड काही ठेवायचे नाही,’ सासूबाईंनी सांगितले. तांदळाच्या कोठ्या तिथेच उभ्या राहणार होत्या. त्या सरकल्या, त्यामुळे फ्रिज सरकला, त्यामुळे जेवणाचे टेबल बाहेर आले. आमच्या स्वयंपाकघराची मांडणी अशी वास्तुपुरुषाने ठरवली.

रंगाऱ्याने मात्र आल्या आल्या काम थांबवले. प्लास्टर वरून कोरडे ठणठणीत दिसत होते. त्याने प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला आणि सकाळी काढून दाखवला. आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. नव्या प्लास्टरला पाणी मारून पक्के केल्यावर महिनाभर तरी सुकू द्यावे लागते. घाई केली तर आतले पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येते, पांढरी भुकटी फुटते आणि वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. उन्हात तापणारी पश्चिम आधी सुकली, उत्तरेची भिंत सगळ्यांत शेवटी.

मग लांबी भरायला सुरुवात झाली. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणे. घासायच्या वेळी रंगारी दिवसाउजेडी खिडक्या लावून घेई आणि वायरला लोंबकळणारा बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून धरी. उजेड आडवा पडला की सपाट वाटणारी भिंत लाटालाटांची दिसे. जिथे सावली, तिथे पेन्सिलची खूण, पुन्हा लांबी. नंतर प्रायमर, नंतर रंगाचे दोन कोट. दुकानातल्या शेडकार्डावर मी गडद विटकरी निवडला होता, पश्चिमेच्याच भिंतीला बाहेरून. तो म्हणाला, गडद रंग ऊन पितो आणि लवकर विटतो. बाहेरून फिकट साय-रंग आला. विटकरी आत, देव्हाऱ्यामागे गेला.

रंग झाल्यावर खिळ्यांची पाळी. फ्लाय ॲशच्या विटेत हातोडीने खिळा ठोकला की प्लास्टरचा टवका उडतो आणि खिळा डुगडुगतो. ड्रिलने भोक पाडून, त्यात प्लॅस्टिकचा प्लग बसवून मगच स्क्रू. इलेक्ट्रिशियनने भिंती बांधताना काढलेले मोबाइलमधले फोटो त्या दिवशी कामाला आले: स्विचबोर्डाच्या सरळ वर नळी जाते, तिथे ड्रिल लावायचे नाही. कोंडागावची ढोकरा दिवी मात्र आम्ही भिंतीला न टांगता फळीवर ठेवली. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळतात, वर पुन्हा माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडूनच वस्तू बाहेर येते, म्हणून तिची दुसरी प्रत नसते. अशी दिवी स्क्रूच्या भरवशावर सोडवत नाही.

बैठकीच्या खोलीत हुकूम चालतो कूलरचा. तो खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसतो, आणि समोरची दुसरी खिडकी उघडी असेल तरच काम करतो. कोंडलेल्या खोलीत नुसती दमट हवा फिरते. त्यामुळे त्या दोन खिडक्यांमधला पट्टा मोकळा ठेवावा लागतो. पुस्तकांचे कपाट तिथे ठेवले तर पाने ओलसर होतात, सागवानी दार फुगते. पावसाळा लागला, हवेतच ओल आली, की कूलरचा उपयोग संपतो आणि खोली पुन्हा वेगळी लावता येते.

राहिला होता पश्चिमेचा व्हरांडा. त्याचे उत्तर सरगुज्यात सापडले. तिथल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार गावापासून बाजूला बांधलेल्या घरात कित्येक वर्षे जवळजवळ एकाकी राहिल्या. मुलासाठी त्यांनी मातीची खेळणी केली. ऊन अडावे म्हणून बांबूच्या कमट्यांची कडी बांधून त्यावर माती लिंपली, आणि त्या जाळीत पक्षी, माकडे, माणसे बसवली. कुणाकडून त्या हे शिकल्या नव्हत्या. भोपाळच्या भारत भवनची माणसे त्यांच्या घरापर्यंत पोचली, १९८३ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे परदेशातही त्यांचे काम गेले. २००७ साली त्या वारल्या. ती जाळी आज सरगुज्याची ओळख आहे.

आमच्याकडे तिकडून दोघी जावा आल्या. त्यांनी माती चाळून रात्रभर भिजत घातली, सकाळी तिच्यात बारीक चिरलेला धानाचा पेंढा आणि शेण मळले. कमट्या पाण्यात ठेवून लवचीक केल्या, वितीने मापून कडी वळवली, सुतळीने एकमेकींना बांधली. पहिला लेप सुकताना तडकला तेव्हा मी धसकले. धाकटीने पातळ मातीत फडके बुडवून तडे पुसल्यासारखे भरले. पोपट जाळीभर असावेत असे मला वाटत होते. थोरलीने ते जिथे तीन कडी भेटतात तेवढ्याच ठिकाणी बसवले, कारण ओल्या मातीचे वजन एकट्या कड्याला पेलत नाही. शेवटी छुहीच्या पांढऱ्या मातीचा हात आणि थोडे रंग. चार वाजता उन्हाची तिरीप आली ती वर्तुळावर्तुळांनी जमिनीवर पडली. वारा येत राहिला.

जाळीवर पाणी पडले तर ती विरघळेल, म्हणून वरचा छज्जा फूटभर वाढवला. बाहेरच्या रंगाच्या डब्यावर सात वर्षांची हमी छापली आहे. जाळीची हमी किती, असे विचारल्यावर थोरली हसली. पावसाळा सरला की तडे बघायचे, दिवाळीआधी छुही फिरवायची, आणि हे काम घरच्या बाईनेच करायचे, असे तिने सांगितले. खालची शेवटची ओळ तिने माझ्याच हातून लिंपून घेतली.

म्हणून दिवाळीच्या यादीत आता फराळाच्या सामानाआधी चार ओळी वाढल्या आहेत: एक घमेले माती, छुही, सुतळीचे बंडल, दोन मोकळ्या दुपारी. घर लावून झाले का, असे नागपूरचे नातेवाईक फोनवर विचारतात. मी त्यांना दिवाळीनंतरचे रिझर्व्हेशन करायला सांगते.