निरभ्र आकाशातील क्षणिक लखलखाट

निरभ्र रात्री, जिथे एकही ठळक तारा नाही अशा जागी अकस्मात शुक्राइतका तेजस्वी ठिपका उमटतो आणि एकदोन सेकंदांत नाहीसा होतो, असा अनुभव आकाशनिरीक्षकांना अधूनमधून येतो. विमानाचे दिवे लुकलुकत पुढे सरकत राहतात आणि उल्का सहसा प्रकाशाची रेघ ओढते. हा ठिपका मात्र जागचा हललेला जाणवत नाही, म्हणूनच तो पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. बहुतेक वेळा त्याचे मूळ ताऱ्यांच्या जगात नसून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मानवनिर्मित वस्तूंवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशात असते.

जमिनीवर रात्र झाली तरी शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावर ऊन असते आणि त्याचा एखादा गुळगुळीत पृष्ठभाग नेमक्या कोनात आला, की आरशाचा कवडसा पडावा तसा प्रकाश जमिनीच्या लहानशा भागावर पडतो. 1997 पासून सोडलेल्या इरिडियम या दूरध्वनी उपग्रहांच्या चकचकीत अँटेना यासाठी प्रसिद्ध होत्या. त्यांची चमक कधीकधी उणे 8 प्रतीपर्यंत, म्हणजे शुक्राच्या सुमारे वीसपट पोहोचे. (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप, अंक जितका लहान तितकी वस्तू अधिक तेजस्वी.) या चमकेची वेळ आधीच गणिताने काढता येत असे. निकामी झालेली, गिरक्या घेत फिरणारी रॉकेटे आणि उपग्रह मात्र असे वेळापत्रक सहजी हाती लागू देत नाहीत, आणि त्यांची कक्षा उंच असेल तर ते इतके संथ सरकतात, की त्यांची चमक स्थिर ताऱ्यासारखी भासते.

या आभासाने जाणकारही फसले आहेत. 1984 आणि 1985 मध्ये कॅनडातील हौशी निरीक्षकांनी ययाती आणि मेष या तारकासमूहांच्या सीमेजवळ वारंवार लखलखाट नोंदवले, त्यांवर शास्त्रीय नियतकालिकात लेखही आला. पण 1987 पर्यंत ते उपग्रहांचेच परावर्तन असल्याचे दाखवून देण्यात आले. पुढे हवाई बेटांवरील केक दुर्बिणीतून अतिदूरच्या जीएन-झेड11 या दीर्घिकेच्या दिशेने दिसलेली चमक प्रचंड स्फोटाची असावी, असे 2020 मध्ये मांडले गेले, परंतु पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी तिचा संबंध रशियाच्या प्रोटॉन रॉकेटच्या एका टाकाऊ टप्प्याशी जोडला. शंका घेणाऱ्यांनी येथे विज्ञानाची मोठीच सेवा केली, असे म्हणावे लागेल.

तरीही प्रत्येक चमक उपग्रहाची नसते. थेट निरीक्षकाच्या दिशेने येणाऱ्या उल्केची रेघ दिसत नाही, केवळ ठिपका उजळून विझतो. त्याहून विलक्षण घटना 19 मार्च 2008 रोजी भूतप तारकासमूहात घडली: गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे अतिप्रचंड ताऱ्याच्या अंतकाळी अल्पकाळ उसळणारा ऊर्जेचा झोत, सुमारे अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी झाला. तो प्रकाश सुमारे 750 कोटी वर्षे प्रवास करून आला होता, म्हणजे तो निघाला तेव्हा पृथ्वी अस्तित्वातच नव्हती. चिलीतील स्वयंचलित कॅमेरे त्या वेळी नेमके त्याच दिशेला रोखलेले असल्याने त्याची आरंभापासून नोंद मिळाली.

वेळ हा ओळखीचा पहिला धागा होय. संध्याकाळी आणि पहाटे कमी उंचीचे उपग्रह उन्हात असतात. मध्यरात्रीच्या सुमारास, विशेषतः हिवाळ्यात, ते पृथ्वीच्या सावलीत असतात, पण सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह तेव्हाही चमकू शकतात. तेव्हा असा लखलखाट दिसल्यास घड्याळातील नेमकी वेळ, दिशा, जवळचे ओळखीचे तारे, चमक किती सेकंद टिकली आणि ती सरकली का, एवढे लगेच लिहून ठेवावे व त्याच जागेकडे आणखी काही मिनिटे पाहत राहावे. पुन्हा चमक दिसली आणि ती थोडी पुढे सरकलेली असली, तर ती गिरक्या घेणाऱ्या उपग्रहाची असण्याची शक्यता फार मोठी असते.