आम्ही आणि आमचे पोपट

मराठी शिकवणाऱ्या बाईच्या घरी पोपट असावेत, या गोष्टीची आमच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षे थट्टा चालत आलेली आहे. "वर्गात मुलांना सांगता, पोपटपंची करू नका, आणि घरी मात्र पोपटच पाळता!" हा विनोद मी इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या वेळा आणि इतक्या एकसारख्या शब्दांत ऐकला आहे की, पोपटपंचीचा आरोप नक्की कोणावर करावा हाच मला प्रश्न पडतो.

खरे म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाने पोपटाला नावे ठेवू नयेत. बाणभट्टाने सातव्या शतकात 'कादंबरी' लिहिली, तिची बरीचशी कथा शूद्रक राजाच्या दरबारात वैशंपायन नावाचा पोपटच सांगतो. आणि त्या ग्रंथाचे नाव आपण मराठीत एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. म्हणजे ज्या विषयाचे तास घेऊन माझी चूल पेटते, त्या विषयावर पोपटाचे ऋण आहेच. पण हे ऋण पुस्तकी झाले. माझ्यावरचे खरे ऋण निराळे आहे, आणि ते साताऱ्याच्या आमच्या वाड्यापासून सुरू होते.

माझ्या आजीचा राघू ओसरीवरच्या पिंजऱ्यात असे. मानेभोवती काळी-गुलाबी कंठी, लालभडक चोच, आणि स्वभाव सेवानिवृत्त फौजदाराचा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हा त्याचा खुराक. मिरची तो ज्या ऐटीत खाई, ते पाहून आम्हां मुलांना तो मोठा शूर वाटे. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, हे मला फार उशिरा कळले आणि त्याच्या शौर्याचा एक दाखला बाद झाला!

आजीने त्याला 'विठू विठू' शिकवले होते; पण पाहुण्यांसमोर तो ते कधी म्हणेल तर शपथ! पाहुणे उठून उंबऱ्यापर्यंत गेले की मग सावकाश म्हणे. त्याचे आवडते वाक्य होते, "कोण आहे?" ते तो आजीच्याच आवाजात, तिच्याच दमलेल्या सुरात विचारी. पोस्टमन बिचारा दारातून नाव, गाव, मनिऑर्डरीची रक्कम, सारे सांगून मोकळा होई आणि आत कोणी नाही हे त्याला मागाहून कळे. राघूचे प्रेम फक्त आजीवर. तिने बोट पुढे केले की मान वाकवून खाजवून घेई. आम्ही केले की रक्त काढी.

१९९० साली, मी दहा वर्षांची असताना, एका दुपारी मला त्याची फार दया आली. घरातली मोठी माणसे निजली होती. मी स्टुलावर चढले आणि पिंजऱ्याचे दार उघडले. राघू दारापर्यंत आला, इकडे तिकडे मान वळवली, चोचीने गज धरीत पिंजऱ्याच्या टपावर चढला. तिथे थोडा वेळ बसला आणि आला तसा उतरून आत गेला. मला हर्ष मावेना. "राघूला आपण इतके आवडतो की, तो सोडूनसुद्धा जात नाही," असे मी शाळेत सगळ्यांना सांगितले. चार वर्षांनी तो गेला. आजीने त्याला परसातल्या तगरीखाली पुरले.

पुढे मी एम.ए. झाले, पुण्यात प्राध्यापकी पत्करली, आणि एके वर्षी 'ज्ञानेश्वरी'चा सहावा अध्याय शिकवताना शुकनलिकेच्या दृष्टान्तापाशी आले. नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, आणि आपणच ती घट्ट धरून तो 'मी बांधला गेलो' असे मानतो. मला राघू आठवला. घरी येऊन आईला फोन केला आणि त्या दुपारची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली. आई म्हणाली, "अगं, तो जाणार कुठे? दरवर्षी त्याचे पंख कातरून आणायचे ना!"

फोन ठेवला तरी मी तशीच उभी होते. दृष्टान्तातल्या पोपटाला निदान भ्रम तरी झाला होता. आमच्या राघूला कसलाही भ्रम नव्हता. तो गेला नाही, कारण त्याला उडता येत नव्हते. आणि मी त्याला प्रेम समजून बसले होते.

एवढे झाल्यावर पुन्हा पोपट पाळायचा नाही असे मी ठरवले होते. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातले पोपट धरणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हाच आहे; आजीच्या वाड्यात मात्र तसे कोणाला वाटत नसे. पण २०१४ साली थोरल्याच्या सहाव्या वाढदिवसाला यांनी एक पिंजरा घरी आणला. "हे आपल्याकडचे नव्हेत, ऑस्ट्रेलियातले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले," असा त्यांनी खुलासा केला. आत दोन बजरीगर होते. बाजारात आणि शेजारीपाजारी त्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. पण खरे लव्हबर्ड निराळे, आफ्रिकेतले.

निळ्याला आम्ही निळू म्हणू लागलो आणि पिवळीला सोनी. चोचीवरची मांसल पट्टी नराची निळी आणि मादीची तपकिरी असते, यावरून कोण कोण ते ठरले. निळू म्हणजे अखंड गप्पा. फोनची घंटा, कुकरची शिट्टी, "अभ्यास झाला का?" हे सारे तो भरभर एका दमात म्हणे, बहुधा त्याचे चिमुकल्या घंटेवर प्रेम बसले होते, आणि हे सर्व तिलाच उद्देशून चाले. सोनी अवाक्षर बोलत नसे. पण घर तिचे होते. कुठल्या वाटीत कोणी आधी खायचे, कुठल्या दांडीवर कोणी निजायचे, हे ती ठरवी. कागद कुरतडणे हा तिचा छंद. एका विद्यार्थ्याच्या निबंधाच्या वहीची कड तिने अशी काही कातरली की, वही परत देताना मला सबब सुचेना. शेवटी मी खरे तेच सांगितले. अर्थात त्याचा विश्वास बसला नाही.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला अजूनही जड जाते. पण ज्यांच्या घरी पक्षी आहेत त्यांच्यासाठी सांगितलेच पाहिजे. २०१७च्या पावसाळ्यातली गोष्ट. निळूला गप्पांसाठी माणसे लागत, म्हणून त्याला छोट्या पिंजऱ्यात घालून मी स्वयंपाकघरात आणून ठेवी. त्या दिवशी न चिकटणारा तवा गॅसवर ठेवला, तेवढ्यात फोन आला आणि मी बाहेर बोलत राहिले. परत आले तेव्हा रिकामा तवा तापून स्वयंपाकघरात एक चमत्कारिक वास भरला होता. निळू पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. डॉक्टरकडे नेईपर्यंत सारे संपले. अशा तव्यावरचा लेप फार तापला की त्यातून निघणारी वाफ माणसाला बाधो न बाधो, पक्ष्यांचे इवलेसे फुप्फुस ती सोसू शकत नाही. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा त्यांच्या स्वरात ठपका नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

कधी न बोलणारी सोनी त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी उठून एकच साद घालीत असे आणि थांबून ऐकत असे. पोपट बोलतात ते आपल्या करमणुकीसाठी नव्हे. थव्यातल्या पक्ष्यांनी परस्परांचे आवाज उचलायचे आणि त्यावरून आपला कोण ते ओळखायचे, ही त्यांची रीत आहे. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या पोपटाच्या जातीत तर आईबाप पिल्लांना प्रत्येकाची अशी वेगळी साद शिकवतात, जणू बारसेच करतात, असे अभ्यासकांना २०११मध्ये आढळले. पिंजऱ्यातल्या पोपटाला थवा नसतो. मग तो कुकरलाच आप्त मानतो.

सोनीला सोबत म्हणून २०१८मध्ये एक कॉकॅटील आला. तोही ऑस्ट्रेलियाचाच. अंगाने राखाडी, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा. म्हणून नाव सरदार. नावाप्रमाणे शौर्य मात्र मुळीच नाही! रात्री मांजर ओरडले की हा अंधारात पिंजराभर फडफडतो. त्याच्यासाठी आम्ही एक मिणमिणता दिवा लावून ठेवतो. त्याचा तुरा म्हणजे त्याच्या मनाचा काटा: घाबरला की ताठ, रागावला की सपाट, खुशीत असला की अर्धा. पिंजरे शेजारी शेजारी होते, आणि त्याच्याहून निम्म्याने लहान असलेली सोनी त्याला जाळीपलीकडून दटावी. त्याला शब्द येत नाहीत. शिट्टी मात्र अप्रतिम. घंटागाडीवर वाजणाऱ्या गाण्याची चाल त्याने उचलली आणि एकदा भर दुपारी तीन वाजता अशी काही वाजवली की, समोरच्या काकू कचऱ्याचा डबा घेऊन तीन जिने उतरून गेल्या. तेव्हापासून त्यांचे आणि सरदाराचे बोलणे नाही.

पोपटांच्या बुद्धीबद्दल कोणी शंका घेतली की मी अॅलेक्सची गोष्ट सांगते. आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७मध्ये अमेरिकेतल्या एका दुकानातून हा आफ्रिकन करडा पोपट घेतला आणि तीस वर्षे त्याला शिकवले. तो रंग आणि आकार ओळखी, सहापर्यंत वस्तू मोजी, आणि नको असलेल्या गोष्टीला स्पष्ट 'नाही' म्हणे. २००७मध्ये तो वारला. हे वाचल्यापासून 'पोपटपंची' हा शब्द वर्गात उच्चारताना माझी जीभ अडखळते.

एप्रिल २०२१. टाळेबंदीचे दिवस, मी घरूनच तास घेत होते. सोसायटीच्या आवारातल्या जुन्या झाडाची एक फांदी छाटली गेली आणि ढोलीतले एक पिल्लू खाली आले. पोपटाचेच, अगदी आपल्या राघूच्या जातीचे. पिसे फुटलेले, उडता येणारे पिल्लू सापडले तर त्याला झाडाजवळच ठेवावे, आईबाप त्याला भरवतात. पण याच्या अंगावर नुसती खुंटे होती आणि ढोलीच उरली नव्हती. धाकटीने त्याला बुटांच्या खोक्यात घातले आणि तासाभरात नावही ठेवले: पोपू.

"ठेवून घेऊ या की," हे म्हणाले. "मरणाऱ्याला वाचवलंच ना आपण? आणि या दिवसांत कोण येतंय बघायला?"

मन माझेही मोहात पडले होते, हे कबूल करते. पण खोक्यातून ते लाल चोच वासून माझ्याकडे पाहू लागले आणि मला साताऱ्याची ओसरी दिसली. दुसऱ्या दिवशी मी वन विभागाच्या मदतवाहिनीला फोन केला. संध्याकाळी दोन माणसे आली आणि त्याला उपचार केंद्रात घेऊन गेली. बरोबरीच्या पिल्लांत वाढवून, उडायला लागल्यावर त्याला सोडतील असे त्यांनी सांगितले.

धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला राघूची गोष्ट सांगितली, पंख कातरण्यासकट. आजीने त्याच्यावर माया केली हेही सांगितले, कारण तेही खरेच होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि सोनी? सरदार? त्यांचं काय, आई?"

या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. त्यांना बाहेर सोडणे म्हणजे कावळ्यांच्या आणि उपासमारीच्या हवाली करणे. ठेवणे म्हणजे पिंजरा. "आपण आणले, आता त्यांना सांभाळायचे. पुन्हा नवा आणायचा नाही," एवढेच मी म्हणू शकले. सोनी २०२२मध्ये म्हातारपणाने गेली, आणि आम्ही दुसरी आणली नाही. सरदार आहे. रोज संध्याकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही त्याला तासभर खोलीत मोकळा सोडतो. त्याचे पंख आम्ही कातरलेले नाहीत. थवा म्हणून त्याला आम्ही चौघेच; तेव्हा शिट्टीला शिट्टीने उत्तर देण्याचे काम यांनी अंगावर घेतले आहे.

त्याच सुमारास बाहेर पोपटांचे थवे ओरडत रात्रीच्या झाडाकडे परततात. सरदाराचा तुरा ताठ होतो. धाकटी काचेला नाक लावून उभी राहते आणि विचारते, "आई, यातला पोपू कुठला असेल गं?"

मी पाहते. सगळे हिरवे, सगळे सारखे. प्रत्येक पोपट निराळा असतो असे उभ्या स्टाफरूमला पटवत आलेल्या मला यातला एकही ओळखता येत नाही. आणि ओळखता येत नाही याचेच बरे वाटते.