दोन वर्षांची मोजपट्टी आणि अडीचशे वर्षांची नावं

सातारा जिल्ह्यातलं चाळकेवाडीचं पठार पवनचक्क्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिसरात दगडांच्या आडोशाने, जमिनीवर वावरणारी एक छोटी पाल २००८ साली विज्ञानाच्या दप्तरी दाखल झाली. वरद गिरी आणि अ‍ॅरन बाउअर या दोन अभ्यासकांनी तिचं नाव ठेवलं ‘हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस’. त्यांचा शोधनिबंध ‘झूटॅक्सा’ नावाच्या संशोधनपत्रिकेच्या १७०० क्रमांकाच्या अंकात छापून आला. नव्या पालीच्या वर्णनासोबत त्यात भारतातल्या सगळ्या हेमिडॅक्टिलस पाली ओळखण्याची एक किल्लीही होती. हातातल्या पालीच्या खवल्यांची रचना, बोटांखालच्या पट्ट्या असं एकेक लक्षण तपासत नावापर्यंत कसं पोहोचायचं, हे अशी किल्ली सांगते. पुढे सहा वर्षांनी कासच्या पठारावरच्या एका वेगळ्या पालीला ‘नेमॅस्पिस गिरी’ हे नाव मिळालं. ते वरद गिरींच्या सन्मानार्थ होतं, आणि तोही निबंध झूटॅक्सातच आला.

सह्याद्रीतल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर, बेडकांवर, कोळ्यांवर काम करणाऱ्या कुणाच्याही बोलण्यात झूटॅक्साचं नाव सहज येतं. २००१ साली झी-च्यांग झांग या शास्त्रज्ञांनी ती न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून सुरू केली. त्यांचा स्वतःचा विषय माइट्स, म्हणजे गोचिडीच्या जवळचे सूक्ष्म जीव. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्यांची तेव्हाची अडचण त्यांनी नेमकी हेरली होती. संग्रहालयांच्या जुन्या पत्रिकांमध्ये निबंध छापून यायला फार काळ लागे आणि मोठ्या नावाच्या पत्रिकांना असे निबंध नकोसे असत. झूटॅक्साने पानांची मर्यादा ठेवली नाही, निबंध तयार झाला की छापायला घेतला, आणि लेखकाकडून सक्तीचं शुल्क मागितलं नाही. ही शेवटची गोष्ट भारत, ब्राझील, व्हिएतनामसारख्या देशांतल्या अभ्यासकांसाठी फार मोलाची होती. २००१ ते २०२० या काळात ६० हजारांहून अधिक नव्या प्रजातींची वर्णनं या एका पत्रिकेत आली. अलीकडच्या वर्षांत जगभरात नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्राणिनामांपैकी साधारण चौथा हिस्सा झूटॅक्साचा असतो.

आणि २०२० च्या जूनअखेरीस ही पत्रिका जगाच्या एका महत्त्वाच्या यादीतून वगळली गेली.

यादी होती ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’, आणि ती काढणारी कंपनी क्लॅरिव्हेट. संशोधनपत्रिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ दरवर्षी याच यादीत जाहीर होतो. त्या वर्षी ३३ पत्रिकांचे आकडे रोखले गेले. झूटॅक्सावरचा आक्षेप होता ‘स्व-उद्धरणां’चा: झूटॅक्सातले निबंध झूटॅक्सातल्याच निबंधांचे दाखले प्रमाणाबाहेर देतात.

इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित साधं आहे. एखाद्या पत्रिकेने लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून १०० निबंध छापले आणि तिसऱ्या वर्षी जगभरातल्या निबंधांनी त्यांचे ९५ दाखले दिले, तर आकडा येतो ०.९५. दोनच वर्षं मोजायची, त्यापुढचे दाखले जमेस धरायचे नाहीत. फिलाडेल्फियातल्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये उद्धरणसूचीची कल्पना मांडली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्विंग शेर यांच्यासोबत हे माप बसवलं. आपल्या सूचीत कोणत्या पत्रिका घ्यायच्या हे ठरवायला त्यांना एक साधन हवं होतं. एका माणसाची नोकरी, बढती किंवा संशोधनाचा निधी त्यावर ठरावा, असा त्या साधनाचा हेतू नव्हता. पुढे जगभरातल्या विद्यापीठांनी ते नेमकं त्याच कामाला जुंपलं.

मुळात ही सरासरी आहे, आणि सरासरी एखाद्या निबंधाने किती झुकू शकते याचं नामांकित उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका – ए’ या पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली दोनच्या आसपास होता, तो २००९ साली जवळपास ५० वर गेला. कारण एकच होतं. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी आपल्या ‘शेलेक्स’ या संगणकप्रणालीवर २००८ मध्ये लिहिलेला लेख, ती प्रणाली वापरणारा प्रत्येक जण दाखल्यात देत होता. त्या वर्षी त्या पत्रिकेत छापून आलेल्या इतर कुणाचंही काम पंचवीसपटीने सुधारलं नव्हतं. तरीही २०२३ पर्यंत हे आकडे दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत दिले जात, आणि त्या तिसऱ्या स्थळावरून पत्रिकांची उतरंड लागे.

प्राण्यांच्या वर्गीकरणात या मापाचं काय होतं ते पाहू. पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या प्राण्याचा नमुना पहिल्यांदा गोळा होण्यापासून त्याचं वर्णन छापलं जाण्यापर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षं जातात, असं त्यांना आढळलं. नमुना संग्रहालयाच्या कपाटात बरणीत पडून असतो, त्या गटाचा जाणकार कधीतरी तिथे पोहोचतो, जवळच्या प्रजातींचे नमुने दुसऱ्या देशांतून मागवावे लागतात. मग निबंध छापला जातो. त्याचा पुढचा वाचक कोण? त्याच गटावर काम करणारा दुसरा माणूस. जगात असे लोक कधी दहा असतात, कधी दोन. त्यांच्यातल्या कुणाचा पुढचा निबंध यायला आणखी पाच-सात वर्षं लागतात. तोवर इम्पॅक्ट फॅक्टरची दोन वर्षं कधीच उलटलेली असतात.

पण हा निबंध जुना होत नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १७५८ हे आरंभवर्ष मानते, कारण त्या वर्षी लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ची दहावी आवृत्ती निघाली. तिथपासून आजपर्यंत दिलेलं प्रत्येक वैध नाव हिशेबात धरावं लागतं. २०२५ मध्ये एखाद्या गोगलगायीला नवी म्हणायचं असेल, तर १८६० सालचं दोन ओळींचं लॅटिन वर्णन वाचून ती वेगळी असल्याचं दाखवावं लागतं. रसायनशास्त्रात किंवा वैद्यकात दीडशे वर्षांपूर्वीचा निबंध हा इतिहासाचा विषय असतो. इथे तो आजचा कायदा असतो.

त्याहून मोठा अन्याय मोजणीच्या पद्धतीतच आहे. वाघाचं पूर्ण शास्त्रीय नाव ‘पँथेरा टायग्रिस (लिनियस, १७५८)’ असं लिहितात. नावामागे लेखक आणि वर्ष दोन्ही असतात. कंस का, तर लिनियसने वाघाला ‘फेलिस’मध्ये ठेवलं होतं आणि पुढे त्याची जागा बदलली. म्हणजे एवढ्याशा नोंदीत त्या नावाचा प्रवासही सामावलेला आहे. वाघाच्या आहारावर, त्याच्या जनुकांवर, त्याच्या कॉरिडॉरवर निबंध लिहिणारे अनेक जण नाव असं लिहितात, पण संदर्भसूचीत लिनियसला क्वचितच घेतात. सूचीत नाही म्हणजे दाखला मोजला जात नाही. परिसरशास्त्र, प्राणी-शरीरशास्त्र, कीटकशास्त्र, साथरोगशास्त्र ही सगळी शास्त्रं नावांवर उभी आहेत. नाव देणाऱ्याच्या खात्यावर मात्र त्यातलं काही जमा होत नाही.

नावं नेमकी नसली तर काय होतं, हे आपल्या देशाने हिवतापात पाहिलं आहे. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा प्रमुख डास ‘अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस’. जाइल्सने १९०१ साली त्याचं वर्णन केलं. पुढे शास्त्रज्ञांनी गुणसूत्रांच्या पट्ट्या तपासून दाखवलं की ही एक प्रजाती नाही. दिसायला हुबेहूब सारख्या पाच प्रजाती आहेत, त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात. त्यातली बी हिवतापाचा प्रसार करण्यात अगदीच कमकुवत आहे. एखाद्या गावात हा डास भरपूर असूनही हिवताप कमी का, याचं उत्तर या वर्गीकरणात आहे. कोणत्या भागात फवारणीवर खर्च करायचा, हेही त्यावरून ठरतं.

आता २०२० च्या त्या आक्षेपाकडे पुन्हा पाहा. जगातल्या नव्या प्राण्यांची चौथाई वर्णनं एकाच पत्रिकेत येत असतील, तर नव्या पालीवर लिहिणारा माणूस आधीच्या पालींचे निबंध कुठून दाखवणार? कासच्या पालीवर लिहिणाऱ्यांना आधीचं काम वाचणं भागच होतं, आणि त्यातलं बरंचसं झूटॅक्सात होतं. आकडा फुगवण्यासाठी परस्परांना दाखले देणं ही एक गोष्ट. आपल्या विषयाचं बहुतांश वाङ्मय एका जागी असणं ही अगदी वेगळी गोष्ट. शिवाय झूटॅक्साचा इम्पॅक्ट फॅक्टर वर्षानुवर्षं एकच्या आसपास राहिला आहे. ज्याला आकडा फुगवायचा असतो त्याचा आकडा असा बसून राहत नाही.

क्लॅरिव्हेटचा नियम निरर्थक होता असं मात्र मी म्हणणार नाही. २०१३ साली ब्राझीलमधल्या चार वैद्यकीय पत्रिकांनी एकमेकींना ठरवून दाखले दिल्याचं उघडकीला आलं आणि त्यांचे आकडे रोखले गेले. तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा दर्जा पत्रिकांच्या आकड्यांवर ठरत होता, आणि त्या दबावातूनच ही साखळी उभी राहिली होती. अशा लबाडीला चाप हवाच. चूक झाली ती एकच गाळणी सगळ्या शास्त्रांना लावण्यात. जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी आवाज उठवला. ब्राझीलमधले प्राणिशास्त्रज्ञ त्यात पुढे होते, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पदव्या आणि शिष्यवृत्त्या या पत्रिकेच्या स्थानाशी बांधलेल्या होत्या. जुलैमध्येच क्लॅरिव्हेटने निर्णय मागे घेतला. झूटॅक्सा परत आली, आणि तिच्यासोबत सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाची एक प्रमुख पत्रिकाही.

पत्रिका परत आली, मोजपट्टी तीच राहिली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या क्षेत्रातलं काम मात्र पार बदललं आहे. पूर्वी खवले, दात, पंखांच्या शिरा मोजून वर्णन पूर्ण होई. आता बाह्य लक्षणांच्या जोडीला डीएनएचा पुरावा, बेडकांच्या बाबतीत नराच्या आवाजाचं ध्वनिचित्र, कधी सांगाड्याचं सीटी स्कॅन अपेक्षित असतं. ‘एक’ समजल्या गेलेल्या प्रजातीच्या पोटात अनेक प्रजाती सापडतात, आणि पश्चिम घाटातल्या नेमॅस्पिस पालींची यादी याच कारणाने वाढत गेली. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये नामकरण संहितेत दुरुस्ती झाली आणि ‘झूबँक’ या नोंदवहीत आधी नोंदवलेलं इलेक्ट्रॉनिक प्रकाशनही ग्राह्य धरलं जाऊ लागलं. काम अधिक काटेकोर झालं, अधिक खर्चिक झालं. ते करणाऱ्या तरुणाला मुलाखतीत विचारला जाणारा प्रश्न बदलला नाही: पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?

आपल्याकडे या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे, आणि तिचा पुण्याशी थेट संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त पत्रिकांच्या जुन्या यादीची तपासणी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली, ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या, इतरत्र सूचिबद्ध नसलेल्या पत्रिकांपैकी तपासलेल्या ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाच्या असू शकतात, असा निष्कर्ष होता. त्यानंतर ‘यूजीसी-केअर’ यादी आली, आणि तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाललं. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि पत्रिकांची पारख विद्यापीठांवर सोपवली. म्हणजे आता प्रत्येक निवड समितीला स्वतः ठरवायचं आहे. धोका उघड आहे. यादी नाही म्हटल्यावर हाताशी उरतो तो इम्पॅक्ट फॅक्टरच, आणि तो घेणं सोपं असतं. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने नेमका याच सवयीला विरोध केला होता: माणसाचं काम जोखताना पत्रिकेचा आकडा वापरू नये.

प्राण्याला नाव देणारा निबंध वाचून तपासता येतो, आणि त्यासाठी काय पाहायचं हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. नाव ज्यावर बेतलं तो मूळ नमुना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहात रीतसर जमा झाला का, की लेखकाच्या घरी आहे? एका नमुन्यावरून निष्कर्ष काढला की नर, मादी, पिल्लं सगळी पाहिली? जवळच्या प्रजातींचे जुने नमुने तपासले की फक्त पुस्तकातून उतरवून घेतले? किल्ली दुसऱ्याच्या हातात चालते का?

आणि निबंधाचं पुढे काय झालं, हेही विचारावं. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचं वर्णन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रह्मण्यन यांनी २०२० मध्ये ‘अ‍ॅक्वा’ या मत्स्यशास्त्राच्या छोट्या पत्रिकेत केलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शासनाची अधिसूचना कुठल्याही उद्धरणसूचीत दाखला म्हणून धरली जात नाही. म्हणून असं काम करणाऱ्या उमेदवाराने ती अर्जाला जोडावी, आणि समितीने आकड्यांच्या तक्त्याआधी ती वाचायला घ्यावी.