अवरक्त किरण आणि ऊतींतील रोगनिदान

प्रस्तावना :
विल्यम हर्शेल यांनी इ.स. १८०० मध्ये सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला, तेव्हा तेथेही पारा चढला. डोळ्यांना न दिसणारे हे अवरक्त किरण आज ऊतींच्या परीक्षणासाठी उपयोगात आणले जात आहेत. ऊतीचा छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही निदानाची प्रस्थापित पद्धत होय. तीत पेशींची रचना दिसते. रासायनिक घडण मात्र अप्रत्यक्षपणेच कळते.

मूलतत्त्व :
रेणूंतील बंध सतत कंप पावतात व कंपनाशी जुळणाऱ्या वारंवारतेचे किरण शोषून घेतात. प्रथिनांचे ठळक शोषण दर सेंटिमीटरला सुमारे १६५० व १५५० तरंगांपाशी, तर न्यूक्लिक आम्लांतील फॉस्फेटचे १२४० व १०८० च्या आसपास आढळते. त्यामुळे न रंगविलेल्या छेदाचीही रासायनिक ओळख पटते.

कार्यपद्धती :
साधी काच हे किरण शोषून घेत असल्याने काही मायक्रोमीटर जाडीचा छेद बहुधा कॅल्शियम किंवा बेरियम फ्लुओराइडच्या चकतीवर ठेवतात. प्रत्येक बिंदूचा वर्णपट नोंदवून संगणक त्यांचे वर्गीकरण करतो. अमेरिकेतील फर्नांडेझ, भार्गव, हेविट व लेव्हिन यांनी २००५ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या ऊतींतील घटक याच मार्गाने ओळखून दाखविले.

मर्यादा :
कॅनडातील वाँग व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गर्भाशयमुखाच्या निरोगी व कर्करोगग्रस्त पेशींच्या वर्णपटांत स्पष्ट भेद दाखविला. रोगग्रस्त नमुन्यांत ग्लायकोजेनचे शोषण घटलेले होते. परंतु निरोगी पेशींतही ग्लायकोजेनचे प्रमाण पेशीच्या पक्वतेनुसार बदलते. शिवाय नमुन्यात श्लेष्मा, रक्त व दाहपेशी मिसळलेल्या असतात, हे पुढील अभ्यासांतून लक्षात आले. म्हणजे दिसलेला भेद खरा असला, तरी तो रोगाचाच असेल असे नाही. पेशींच्या कडांवर किरण विखुरल्यानेही वर्णपट विकृत होतो व त्याची गणिती दुरुस्ती करावी लागते.

निष्कर्ष :
अवरक्त किरण रोग दाखवीत नाहीत, रसायन दाखवितात. त्या रसायनाचा अर्थ लावण्यासाठी संगणकाला शिकविताना विकृतिशास्त्रज्ञाचा निर्णयच प्रमाण मानावा लागतो. चुकीच्या निदानाची किंमत रुग्ण मोजतो; म्हणून ही पद्धत सूक्ष्मदर्शकाला पर्याय न मानता पूरक साधन मानणे उचित ठरेल. भौतिकी, रसायन, संगणकशास्त्र व वैद्यक यांनी एकत्र येऊनच ती विश्वासार्ह होऊ शकेल.