रात्री बारा वाजून सात मिनिटांनी

मुलांसाठी म्हणून जे चित्रपट निघतात ते पाहताना घरातील मोठी माणसे बहुधा एक डोळा मुलांवर आणि अर्धा पडद्यावर ठेवून बसतात. 'अ मॉन्स्टर कॉल्स' हा चित्रपट आमच्या घरी सर्वांनी मिळून पाहिला तेव्हा मात्र उलटे घडले. मुले शेवटपर्यंत निश्चल बसली होती, आणि मध्येच उठून स्वयंपाकघरात पाणी पिण्याचे निमित्त शोधले ते मोठ्यांनी. आमच्या मातोश्रींना इंग्रजी येत नाही. त्यांच्या शेजारी बसून हलक्या आवाजात संवादांचा मराठी सारांश सांगण्याचे काम आमच्याकडे होते. त्या कामात आमच्याकडून एक चूक झाली. तिच्याविषयी पुढे सांगणार आहोत, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

चित्रपट २०१६ सालचा. दिग्दर्शक बायोना हे स्पॅनिश, कथा मात्र इंग्लंडमधील. मूळ कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या जन्माची हकीकत कादंबरीइतकीच मनाला चटका लावणारी आहे. शिवॉन डाउड या लेखिकेने हे कथाबीज मनाशी योजले होते, पात्रे ठरवली होती, प्रारंभही लिहिला होता. परंतु स्तनाच्या कर्करोगाने ऑगस्ट २००७ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या आजाराची गोष्ट त्या सांगू पाहत होत्या त्या आजाराच्या छायेतच त्या होत्या. पुढे ते कथाबीज पॅट्रिक नेस यांच्या हाती आले. नेस आणि डाउड यांची कधी भेट झाली नव्हती. नेस यांनी डाउड यांच्या शैलीची नक्कल करण्याचे कटाक्षाने टाळले आणि स्वतःच्या पद्धतीने कादंबरी लिहिली. २०१२ साली तिला ब्रिटनमधील कार्नेगी पदक मिळाले, आणि तिच्यातील काळ्या शाईच्या विलक्षण चित्रांसाठी जिम के यांना त्याच वर्षीचे ग्रीनअवे पदक मिळाले. एकाच पुस्तकाने ही दोन्ही पदके पटकावण्याचा प्रसंग त्यापूर्वी आलेला नव्हता. चित्रपटाची पटकथाही नेस यांनीच लिहिली आहे.

कॉनर हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. आईवडील विभक्त झालेले, वडील अमेरिकेत दुसरा संसार थाटून बसलेले. आई कर्करोगाने खंगत चालली आहे आणि प्रत्येक नव्या उपचाराच्या वेळी 'या खेपेला गुण येईल' असे मुलाला सांगते आहे. खिडकीतून पलीकडच्या टेकडीवर एक चर्च, त्याची दफनभूमी आणि तिच्यात एक प्रचंड यू वृक्ष दिसतो. एके रात्री बारा वाजून सात मिनिटांनी तो वृक्ष मुळांसकट उठतो, राक्षसाचे रूप घेतो आणि कॉनरच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. मी तुला तीन गोष्टी सांगेन, चौथी तू मला सांगायचीस, आणि ती तुझ्या मनात दडलेली खरी गोष्ट असली पाहिजे, असा त्याचा करार आहे.

'चांदोबा' वाचून वाढलेल्या आमच्या पिढीला इथे वेताळाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेच झाड, तीच रात्र, गोष्टीच्या शेवटी तोच पेच: दोष कोणाचा? उत्तर ठाऊक असूनही विक्रमाने मौन धरले तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, हीच अट कॉनरलाही थोड्या फरकाने आहे. मात्र विक्रम राजा न्यायनिवाडा करतो तो परक्यांचा. या मुलाला स्वतःचाच निवाडा करायचा आहे, आणि म्हणूनच तो इतका घाबरला आहे.

राक्षसाच्या गोष्टी सरळ नाहीत. पहिल्या गोष्टीत सावत्र राणी चेटकीण आहे खरी, पण खुनी नाही. खून प्रजेच्या लाडक्या राजपुत्राने केला आहे. दुसऱ्या गोष्टीतील वैद्य लोभी आणि तिरसट, धर्मोपदेशक सज्जन, तरीही राक्षस घर उद्ध्वस्त करतो ते धर्मोपदेशकाचे, कारण मुलींचा जीव धोक्यात येताच त्याने जन्मभर सांगितलेली सर्व तत्त्वे क्षणात टाकून दिली. या दोन गोष्टी पडद्यावर जलरंगातील हलत्या चित्रांनी सांगितल्या आहेत. ओल्या कागदावर रंग पसरावा तशी माणसे आकाराला येतात आणि विरघळतात. संपूर्ण चित्रपटात डोळ्यांना एवढे सुख दुसरे कोठेही नाही. राक्षस मात्र आम्हाला प्रारंभी थोडा अधिकच गडगडाटी वाटला. लियाम नीसन यांनी त्याला नुसता आवाज दिलेला नसून त्याच्या हालचालीही त्यांच्याच अभिनयावरून बेतलेल्या आहेत. तो हळू बोलू लागतो तेव्हा त्यातील थकलेला म्हातारा दिसतो आणि मग तो पटतो.

दुसऱ्या गोष्टीच्या भरात कॉनरही राक्षसाबरोबर मोडतोड करू लागतो, आणि भानावर येतो तेव्हा त्याने आजीच्या जपून ठेवलेल्या दिवाणखान्याचा चक्काचूर केलेला असतो. ही आजी लाडू-चिवडा देणारी आजी नव्हे. करड्या शिस्तीची, नोकरी करणारी, नातवाशी कसे बोलावे हे न कळणारी बाई आहे ती. सिगर्नी वीव्हर यांनी हे काम केले आहे. दारात उभी राहून ती तो विध्वंस पाहते, तिच्या घशातून एक आर्त आवाज निघतो, आणि मग ती काय करते? खोलीत एकच कपाट शाबूत उरलेले असते. ती पुढे होऊन ते स्वतःच्या हातांनी खाली पाडते. मुलाला एक शब्द बोलत नाही. आपली मुलगी मरते आहे हे दुःख त्या बाईला आहे याचा तोवर प्रेक्षकांनाही विसर पडलेला असतो. पुढे शाळेत एका मुलाला बेदम मारल्यावरही कॉनरला कोणी शिक्षा करीत नाही. शिक्षा मिळत नाही म्हणून एखादा मुलगा अधिकच खचत जातो, हे फार बारकाईने टिपले आहे.

आईला दिलेले शेवटचे औषध यू वृक्षापासून काढलेले असते. ही कवीकल्पना नाही. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे द्रव्य अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन संशोधकांनी वेगळे काढले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. स्तनाच्या कर्करोगावर वापरण्यास तेथे त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. यांपैकी वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. चित्रपटातील मुलाला वाटते, माझा राक्षस म्हणजे यू वृक्षच, तेव्हा तो आईला बरे करायलाच आलेला असणार. राक्षसाला तसे करता येत नाही. तो आला आहे तो मुलासाठी.

आता चौथी गोष्ट. कॉनरला रोज एक दुःस्वप्न पडत असते. जमीन खचते, आई कड्यावरून खाली लोंबकळते, त्याने तिचे हात धरलेले असतात. या प्रसंगी आम्ही मातोश्रींना हलकेच सांगितले, "त्याच्या हातून आईचा हात सुटतो." त्यावर त्या आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "सुटत नाही रे. सोडतो तो. बघ नीट."

त्यांचेच खरे होते. एका अक्षराच्या फरकाने आम्ही सबंध चित्रपटच खोटा करून टाकला होता. कॉनरनेही स्वतःला हेच तर सांगून ठेवलेले असते, की हात सुटला. राक्षस त्याच्याकडून वदवून घेतो ते एवढेच, की हात सोडला. अजून काही क्षण धरून ठेवता आला असता, पण ती वाट पाहणे असह्य झाले होते आणि एकदाचे संपावे असे वाटत होते. आई मरावी असे त्याला कधीच वाटले नव्हते. संपावे असे मात्र वाटले होते. या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी असू शकतात, हे कळायला त्याला तीन गोष्टी ऐकाव्या लागल्या.

आपल्याकडे दीर्घ आजारानंतर कोणी गेले की भेटीला येणारी माणसे 'सुटली बिचारी' असे उघडपणे म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मोठ्यांना हा शब्द मृत्यूनंतर मिळतो. लहान मुलाच्या मनात तोच विचार मृत्यूच्या आधी आला तर त्याने तो कोणाला सांगावा?

आमच्या थोरल्या वहिनी १९९० साली अशाच आजाराने गेल्या. मुलगा दहा वर्षांचा होता. त्याच्या कानावर काही जाऊ नये म्हणून अखेरचे दोन महिने त्याला इंदूरहून बडोद्याला आत्याकडे ठेवले. त्या बेतात आम्हीही होतो, आणि आपण मुलाचे भले करीत आहोत याविषयी तेव्हा कोणाच्याही मनात शंका नव्हती. तो परतला तो तेराव्याच्या आदल्या दिवशी, हार घातलेल्या फोटोसमोर. त्या घरात 'सुटली' हा शब्द त्याच्यासमोर कितीदा उच्चारला गेला असेल, याची गणती नाही. मातोश्रींनीही तो उच्चारला होता. कॉनरच्या आईने मुलाला खोटी आशा दाखवली असेल, पण निदान त्याला आपल्यापासून तोडले नाही, आणि शेवटी त्याचा संताप आपल्याला कळतो, हे ती त्याला स्वतःच्या तोंडाने सांगते.

काही गोष्टी आम्हाला खटकल्या. पुस्तकात लिली नावाची एक मैत्रीण आहे. आईच्या आजाराची बातमी तिने शाळेत फोडली म्हणून कॉनर तिच्यावर रुसलेला असतो. चित्रपटाने हा धागा जवळजवळ सोडून दिला आहे, त्यामुळे शाळेचा भाग उणा वाटतो. तिसरी गोष्ट तर सुरू होते न होते तोच आटोपते. मोठा फरक शेवटाचा. पुस्तक मुलाने आईला घट्ट धरून ठेवलेले असताना थांबते, घड्याळाचा काटा बारा वाजून सात मिनिटांकडे सरकत असताना. चित्रपट मात्र पुढे जातो: आजी कॉनरला आईची जुनी खोली उघडून देते, तेथे आईची चित्रवही सापडते आणि तिच्यात राक्षसाच्या गोष्टींतील सर्व माणसे काढलेली असतात. आई चित्रकार होती, हे सूत्र पुस्तकात नाही. ही भर सुंदर आहे, पण तिच्यामुळे राक्षस मुलाच्या मनातून उगवला की आईकडून वारशाने आला, या प्रश्नाचे थोडे घाईने उत्तर मिळते. आम्ही पुस्तकाच्या बाजूचे. घरातील मुलांनी एकमुखाने चित्रपटाची बाजू घेतली, हेही नमूद करतो.

लुइस मॅकडूगल या मुलाने कॉनरचे काम केले आहे. तो एकदाही गोंडस दिसण्याचा प्रयत्न करीत नाही. फेलिसिटी जोन्स यांची आई दर भेटीत थोडी थोडी विझत जाते. २०१७ साली स्पेनच्या गोया पुरस्कारांत या चित्रपटाला नऊ पारितोषिके मिळाली, त्यांत दिग्दर्शनाचेही होते. दहा वर्षांखालील मुलांना तो एकट्याने पाहू देऊ नये. पुस्तक घ्यायचे झाल्यास जिम के यांच्या चित्रांची आवृत्ती पाहून घ्यावी, कारण चित्रांवाचूनचीही निघालेली आहे.

आमच्या त्या पुतण्याने आता चाळिशी ओलांडली आहे. हा चित्रपट पाहा असे त्याला कळवण्याचा धीर आम्हाला झाला नाही. परवा बोलता बोलता समजले, की त्याने तो केव्हाच पाहिला आहे, आपल्या मुलीबरोबर. कसा वाटला, असे विचारल्यावर तो जरा थांबला. "त्यातली आजी चांगली आहे," म्हणाला, आणि मातोश्रींना फोन द्यायला सांगितले.