पीडीपी-११ संगणकाला आरएल०२ डिस्क दिसत नाही? आधी हे तपासा

डेक कंपनीच्या आरएल०२ ड्राइव्हमध्ये १०.४ एमबीची काढता येणारी डिस्क बसते. एका कंट्रोलरवर असे ४ ड्राइव्ह साखळीने जोडता येतात. फॉल्टचा दिवा विझत नसेल किंवा डिस्क सापडत नसेल, तर ड्राइव्ह खोलण्याआधी जोडणी पाहा.

१. साखळीतल्या शेवटच्या ड्राइव्हला टर्मिनेटर हवाच.
२. केबल सैल किंवा उलटी नको. कंट्रोलरचा क्लॉक पोचला नाही, तरी फॉल्ट दिसतो.
३. पुढच्या बटणातला युनिट क्रमांकाचा प्लग तपासा. दोन ड्राइव्हना एकच क्रमांक चालत नाही.
४. युनिबस असलेल्या पीडीपी-११मध्ये आरएल११ कंट्रोलर कार्डाच्या स्लॉटची एनपीजी वायर काढलेली हवी. नाहीतर डीएमए, म्हणजे मेमरीशी थेट देवाणघेवाण, होत नाही.

केबलला हात लावण्यापूर्वी वीज बंद करा. ही जुनी यंत्रं जपायलाच हवीत!