आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली?

मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. मार्ग धुळ्यावरून जाणार, त्यामुळे स्टेशनाभोवतीच्या जमिनींची चर्चा ओघाने आलीच. तिच्यात एक गैरसमज हटकून असतो: विकास आराखड्यात (जमिनीचा वापर ठरवणारा शहराचा नकाशा व नियम) आरक्षण पडलं, की जमीन गेली.

आरक्षण म्हणजे रस्ता, मंडई, वाहनतळ अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणे. एसटी लागताच आपण खिडकीतून रुमाल टाकतो, तसेच. जागा धरली, तिकीट अजून काढायचे आहे. ते तिकीट म्हणजे भूसंपादन (मोबदला देऊन जमीन घेणे). तोवर सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. मात्र तिथे मनाजोगते बांधकाम करता येत नाही, आणि खरी अडचण तीच.

रुमालालाही मुदत असते. नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते.

रुळांखालची जमीन मात्र रेल्वेसाठी स्वतंत्रपणे संपादित होते. आराखड्यावर हरकत असेल, तर प्रारूप प्रसिद्ध होताच मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या.